रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण : उद्दिष्टे

प्रयोगशाळेतल्या चंबूत जमलेली प्रक्रिया कारखान्यात रोजच्या रोज, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात चालवू शकणारा अभियंता घडवणे, हे या शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट. रसायनशास्त्र त्यात असतेच. पण भौतिकी, गणित, यंत्रशास्त्र आणि अर्थकारण यांचा मिळून वाटा त्याहून मोठा असतो. केवळ रसायनशास्त्राच्या ओढीने प्रवेश घेतलेल्यांचा त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत हिरमोड होतो.

जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 मध्ये मँचेस्टरला या विषयावर व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लुईस नॉर्टन यांनी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. त्या काळी गंधकाम्ल, साबण, साखर असा एकेक उद्योग वेगळा शिकवत. 1915 मध्ये आर्थर लिटल यांनी ‘एकक क्रियां’ची कल्पना मांडली आणि शिकवण्याचा रोख बदलला. उसाचा रस आटवा किंवा कॉस्टिक सोड्याचा द्राव, बाष्पीभवनाचे गणित तेच. ऊर्ध्वपातन, गाळण, शुष्कन अशा मोजक्या क्रिया पक्क्या झाल्या, की कधी न पाहिलेल्या कारखान्यातही अभियंता उभा राहू शकतो.

पहिली सवय लावायची ती हिशेबाची. 40 टक्के पाणी असलेला 100 किलो माल 10 टक्के पाणी उरेपर्यंत वाळवला, तर किती पाणी गेले? नवखा विद्यार्थी 30 किलो सांगून मोकळा होतो. कोरडा माल 60 किलोच राहतो. तो आता एकूण वजनाच्या 90 टक्के, म्हणजे एकूण वजन 66.7 किलो आणि गेलेले पाणी 33.3 किलो. आज संगणक असे हिशेब क्षणात करतो, पण चुकीची माहिती भरली तरी तो उत्तर देतोच. हाताने केलेला वस्तुमानाचा ताळेबंद (मास बॅलन्स) म्हणून अजून सुटलेला नाही, आणि सुटू नये.

दुसरी जाण आकारमानाची. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की घनफळ हजारपट होते, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. उष्णता निर्माण होते घनफळाच्या प्रमाणात आणि बाहेर पडते भिंतीतून. लिटरभर चंबूत बर्फाच्या पाण्यावर निमूट होणारे नायट्रीकरण हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये आवरेनासे होऊ शकते, ते यामुळे.

सुरक्षिततेला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले ते मोठी किंमत मोजल्यावर. 1 जून 1974 रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरोच्या कारखान्यात स्फोट होऊन 28 जण मेले. तेथे सहापैकी एक रिॲक्टर काढून त्या जागी तात्पुरता नळ बसवला होता. त्याचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेला होता. त्यावर येणाऱ्या ताणाचे गणित नीट कोणी केलेच नव्हते. दहा वर्षांनी भोपाळची वायुदुर्घटना घडली. त्यानंतर प्रक्रिया-सुरक्षा हा हळूहळू स्वतंत्र विषय झाला.

महाराष्ट्रात या शिक्षणाचे जुने केंद्र म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, अर्थात ‘यूडीसीटी’ (स्थापना 1933), आजची माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. रंगद्रव्यांचे रसायनज्ञ आणि रासायनिक अभियंते येथे एकाच छताखाली आले. के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक. वायू-द्रव अभिक्रियांवरील कामासाठी ख्यात असलेले मनमोहन शर्मा याच संस्थेतून घडले, येथेच शिकवत राहिले आणि पुढे संचालक झाले. रघुनाथ माशेलकर येथलेच विद्यार्थी. येथे अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याला ‘होम पेपर’ करावा लागतो. एखादे रसायन घेऊन त्याच्या कारखान्याचा पूर्ण आराखडा मांडायचा : प्रक्रियेची निवड, उपकरणांची मापे, भांडवली खर्च. कागदावर उत्तम दिसणारी प्रक्रिया निव्वळ वाफेच्या खर्चापायी बाद करावी लागते, हे बहुतेकांना तिथे कळते.