थळ घाटाचा चढ कागदावर कसा उतरला?

मानकोलीवरून नाशिककडे धावणारा महामार्ग कसाऱ्यापाशी सह्याद्रीला भिडतो. तोच थळ घाट. बैलांचे तांडे ही वाट पूर्वापार चढत; आगगाडीला मात्र ती जशीच्या तशी उपयोगाची नव्हती.

अडचण नकाशाचीही होती. त्या काळी डोंगर बहुधा बारीक तुटक रेघांनी छायांकित करीत. उतार तीव्र की सौम्य, एवढे त्यावरून कळे. उंची किती फूट, हे कळत नसे. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांना हवा होता नेमका तोच आकडा. आरंभी विचारात असलेला माळशेज घाट मागे पडला. थळ आणि बोर निवडले गेले. थिओडोलाइट, लेव्हल आणि ६६ फुटी साखळी घेऊन कडे-दऱ्यांतून मोजणी करावी लागे. साखळी धरणाऱ्या हातांची नावे अशा आराखड्यांवर सहसा नसतात.

हिशेब करून पाहा. चढायचे ९७२ फूट, मार्ग ९ मैल २६ साखळ्या, म्हणजे ४९,२३६ फूट. सरासरी ५१ फुटांमागे एक फूट चढ. पण सह्याद्री सरासरीने चढत नाही! सर्वांत अवघड टप्प्यात हे प्रमाण ३७ फुटांमागे एक फुटावर गेले.

१८६५ मध्ये गाडी इगतपुरीला पोहोचली. बर्कले १८६२ मध्येच निवर्तले होते. इगतपुरीकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून जादा बँकर इंजिने जोडतात, ती त्याच चढासाठी.