रेड स्पेशल

ब्रिटिश गिटारवादक ब्रायन मे (जन्म १९४७) आणि त्यांचे वडील हॅरल्ड मे यांनी लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम येथील राहत्या घरात स्वतःच्या हाताने घडवलेली विद्युत गिटार. ऑगस्ट १९६३ मध्ये काम सुरू झाले तेव्हा ब्रायन सोळा वर्षांचे, शाळकरी वयाचे होते आणि गिटार पूर्ण व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. लालसर तपकिरी रंगामुळे तिला हे नाव पडले. पुढे क्वीन (स्थापना १९७०) या वाद्यवृंदाच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत आणि मैफलींत हीच गिटार वाजली. नवशिक्याने घरी घडवलेले वाद्य व्यावसायिक वाद्याच्या तोडीचे, किंबहुना त्याहून वेगळ्या गुणांचे होऊ शकते, याचे इतके सविस्तर माहिती असलेले दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

बाजारातील चांगली विद्युत गिटार या कुटुंबाला परवडणारी नव्हती. हॅरल्ड हे व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते आणि घरात लागणाऱ्या वस्तू स्वतः बनवण्याची त्यांना सवय होती. वाद्ये घडवण्याचा अनुभव मात्र बापलेकांपैकी कोणालाच नव्हता. तरीही त्यांनी हात घातलेले काम अवाक्याबाहेरचे नव्हते, याचे कारण या वाद्याच्या जातीतच आहे. साध्या गिटारीत किंवा सतारीत तारेचे कंपन पातळ लाकडी तबकडीवाटे पोकळीतील हवेला मिळते आणि ती तबकडी किती तासावी हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच कळते. विद्युत गिटारीत हे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळीत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो वाढवून ध्वनीत रूपांतरित करतो. त्यामुळे येथे कारागिराच्या कानापेक्षा मोजमापाची अचूकता आणि सांगाड्याची मजबुती यांना अधिक महत्त्व येते, आणि या दोन्ही गोष्टी चिकाटीच्या नवशिक्याला साधण्यासारख्या आहेत.

सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे दांडी. सहा तारा सुरात लावल्यावर त्यांचा एकत्रित ताण जाडीनुसार साधारण ३५ ते ४५ किलोग्रॅम वजनाइतका होतो. हा ताण दांडीला सतत पुढे वाकवू पाहतो, म्हणून दांडीचे लाकूड मुरलेले असावे लागते आणि तिच्या आत पोलादी सळई बसवून उलटा ताण द्यावा लागतो. मे पितापुत्रांनी दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या महिरपीतील महोगनी वापरली. लाकडात कीड लागून पडलेली छिद्रे त्यांनी आगकाड्या खुपसून बुजवली. जुने लाकूड वापरण्यात केवळ काटकसर नव्हती, कारण दशकानुदशके सुकलेले लाकूड ऋतुमानाप्रमाणे कमी फुगते आणि कमी आक्रसते. ही दांडी नेहमीपेक्षा पुष्कळ जाड ठेवलेली आहे.

दांडीवरील पडद्यांच्या, म्हणजे फ्रेटांच्या, बाबतीत सतार आणि गिटार यांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सुरात न बसणारा पडदा वादकाला सरकवता येतो. गिटारीचे पडदे लाकडात खाचा पाडून ठोकलेले असतात, त्यामुळे एकदा पाडलेली खाच ही कायमची खाच ठरते. त्यांची जागा गणिताने काढतात. सप्तकाचे बारा समान भाग करायचे असल्याने प्रत्येक पडदा उरलेल्या तारेचा १७.८१७ वा भाग कमी करतो. रेड स्पेशलवर तारेची कंप पावणारी लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिमी, असल्यामुळे पहिला पडदा ३४.२ मिमीवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, आणि चोविसाव्या पडद्यापर्यंत पोहोचताना शेजारच्या दोन पडद्यांतील अंतर जेमतेम ९ मिमी उरते. मिलिमीटरभराची चूक पहिल्या पडद्यावर कदाचित खपून जाईल. शेवटच्या पडद्यांवर तीच चूक कानाला लगेच खटकते. नवशिक्याने सर्वाधिक वेळ या खाचांना द्यावा, असे म्हणायला हरकत नाही. दांडीवरील खुणेचे पांढरे ठिपके ब्रायन यांनी आईच्या शिवणाच्या सामानातील शिंपल्याच्या गुंड्या तासून बसवले.

गिटारीचे अंग अर्धपोकळ आहे. मध्ये जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा ठोकळा, बाजूंना ब्लॉकबोर्ड आणि वरखाली महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवून ते एकसंध केलेले आहे. दर्शनी भागात एफ अक्षराच्या आकाराचे छिद्र पाडण्याचा मूळ बेत होता, परंतु ते कधीच पाडले गेले नाही.

कल्पकता खरी पणाला लागली ती ट्रेमोलो यंत्रणेत. ट्रेमोलो म्हणजे दांडा दाबून सर्व तारा एकदम ढिल्या करण्याची आणि स्वर खाली उतरवण्याची सोय; तिचा नेहमीचा दोष असा की दांडा सोडल्यावर तारा मूळ सुरावर परतत नाहीत, कारण यंत्रणेतील घर्षण त्यांना वाटेत अडकवते. मे पितापुत्रांनी हे घर्षणच हटवायचे ठरवले. तारा अडकवलेली पट्टी त्यांनी कठीण केलेल्या पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर, तराजूच्या दांडीप्रमाणे, डोलती ठेवली आणि तारांचा ताण तोलण्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा बसवल्या. घोडीवर प्रत्येक तारेखाली हाताने घडवलेले लहानसे रूळ आहेत. तार मागेपुढे होताना घासत नाही, रूळच फिरतो. दांडा सायकलच्या सामानाच्या पिशवीच्या आधारातून आला, तर त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे आहे. या वस्तू घरगुती असल्याचे कौतुक नेहमी होते; त्याहून मोलाची गोष्ट ही की घर्षण, ताण आणि तोल हे प्रश्न आधी वेगळे काढले गेले आणि त्यांची उत्तरे हाताशी असलेल्या साहित्यात मग शोधली गेली.

पहिले पिकअपही ब्रायन यांनी घरीच, गुंडीच्या आकाराची चुंबके वापरून, गुंडाळले होते. ते वाजत होते, परंतु शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट असल्यामुळे बोटाने तार आडवी ताणून स्वर चढवला, म्हणजे सतारीवर मींड घेताना करतात तसे केले, की तार एका ध्रुवावरून दुसऱ्याकडे सरकताना नको तो आवाज येत असे. अखेरीस बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक हे तीन तयार पिकअप बसवण्यात आले आणि मोठ्या आवाजात त्यांतील सुटे भाग थरथरून शीळ घालू नयेत म्हणून आत अराल्डाइट ओतण्यात आले. आपल्या हातून नीट होत नसलेला भाग विकत घेण्याचा हा निर्णय संपूर्ण प्रकल्पातील समंजस निर्णयांपैकी एक मानावा लागेल.

पिकअपांची जोडणी मात्र पुन्हा स्वतःची आहे. बहुतेक गिटारींत पिकअप समांतर जोडलेले असतात. येथे ते एकापाठोपाठ, म्हणजे एकसर, जोडल्यामुळे त्यांचे विद्युतदाब एकमेकांत मिळून संकेत अधिक जोरकस होतो. प्रत्येक पिकअपला दोन बटणे आहेत, एक चालू-बंद करणारे आणि दुसरे संकेताची दिशा उलटवणारे. दोन पिकअप उलट दिशांनी चालवले की दोहोंत समान असलेला मूळ स्वराचा बराचसा भाग परस्परांना छेद देतो आणि वरचे सूक्ष्म स्वर उरून टोकदार, नाकातून आल्यासारखा ध्वनी मिळतो. नाण्याच्या कडेने, बहुधा सहा पेन्सच्या नाण्याने, तारा छेडण्याच्या ब्रायन यांच्या सवयीने या ध्वनीला आणखी एक किंचित खरबरीत धार येते.

मूळ साहित्याचा खर्च सुमारे ८ पौंड सांगितला जातो. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली येथील लाइव्ह एड मैफलीत आणि जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर ही गिटार वाजली. १९८० च्या दशकात गिल्ड कंपनीने तिच्या धर्तीवर गिटारी काढल्या. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन वाद्यकारागीर ग्रेग फ्रायर यांनी मूळ वाद्याची डागडुजी केली आणि ब्रायन यांनी त्यानंतरही तेच वाजवणे चालू ठेवले.