जुहूचा लहान विमानतळ

आजचा विषय छोटा आहे, धावपट्टीही छोटीच. मुंबईचा विमानतळ म्हटलं की आपल्याला सांताक्रूझ-सहार आठवतं. पण त्याआधी होतं जुहू. 1928 साली हा विमानतळ सुरू झाला, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथंच उतरले, एकइंजिनी पस मॉथमधून. पुढं मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिंटसेंटनी नेलं.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आम्हाला कुतूहल आहे ते पावसाळ्याचं. जुहूची जमीन सखल, समुद्राला लागून. पाऊस लागला की मैदानाचं तळं! मग टाटांच्या विमानसेवेला पावसाळ्यापुरता पुण्यात मुक्काम हलवावा लागे. पुढं महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला मोठ्या धावपट्ट्या झाल्या आणि स्वातंत्र्याच्या सुमारास प्रवासी विमानं तिकडं गेली. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखीच, अंतरही थोडं. त्यामुळे 1953 साली एक कॉमेट आणि 1972 साली जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं. डीसी-8 तर धावपट्टी संपल्यावरही थांबलं नाही.

मग जुहूचं काम संपलं का? आम्ही तत्त्वज्ञानवाले, वस्तूचं प्रयोजन विचारायची खोड जात नाही. लहान विमानतळ म्हणजे मोठ्याचं बाळपण, असं धरलं तर संपलंच म्हणायचं. पण 1974 साली बॉम्बे हायला तेल सापडलं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रातली ती जागा. तिथल्या फलाटांवर माणसं न्यायची-आणायची, कुणी आजारी पडलं तर तातडीनं किनाऱ्यावर आणायचं, हे हेलिकॉप्टरचं काम, आणि ती हेलिकॉप्टरं उडतात जुहूहून. प्रवाशांची संख्या मोजून या कामाचं मोल कसं कळणार?

अर्थात किंमत मोजावी लागते, आणि ती शेजारी मोजतात. विमानतळाभोवती इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे. जुन्या सोसायट्यांना पुनर्बांधणी करायची तर तीच आडवी येते. त्यांची तक्रार खोटी नाही. तरी हेलिकॉप्टरं सहारला हलवा म्हणणाऱ्यांनी तिथल्या विमानांची दाटी एकदा बघावी. मोठ्या विमानांच्या रांगेत ही कुठं बसवायची?

आम्हाला खटकतं ते वेगळंच. ज्या क्लबात जेआरडी उडायला शिकले, त्याचं प्रशिक्षण आता धुळ्याला चालतं. शिकाऊ वैमानिकाला चुकतमाकत घिरट्या घालायला जुहूचं आकाश पुरत नाही.