तिकिटाला सवलत, पायरीचं काय?

मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरीजवळ आली की उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. हिंदकळत्या बोटीतून पडावात पाय टाकणं धडधाकट माणसालाही अवघड. ज्याचा पाय अधू, त्याला खलाशाच्या हाताखेरीज आधार नव्हता.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे कोकणातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत लाल गाडी पोचली आणि अपंगांना भाड्यात 75 टक्के सवलतही मिळू लागली. या सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. तालुक्याच्या गावाहून जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरीब माणसाला हा फार मोठा दिलासा आहे, तो कुणी कमी लेखू नये. पण पैसा तिकिटामागे आला, दारामागे नाही. साध्या गाडीच्या उंच पायऱ्या तशाच राहिल्या. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आजही दोघांनी उचलून चढवावं लागतं.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात रेल्वेचे डबे, बस, बोटी आणि विमानं सर्वांना वापरता येतील अशी करण्याचं कलम होतं. मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’, या अटीसह. त्या अटीने कलमातलं बळच काढून घेतलं.

2015 च्या 3 डिसेंबरला केंद्राने सुगम्य भारत अभियान सुरू केलं. 2016 च्या कायद्याने जुन्या वाहनांत बदल करण्याची आणि त्यासाठी योजना आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तिथेही ‘आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य’ ही अट कायम आहेच.