स्वस्त धान्य आणि वरकस जमीन

मालगुंडास जाणारा वाचक बहुधा केशवसुतांचें जन्मस्थान पाहण्याकरितां जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु परततांना त्यानें गांवामागील चढणीकडेही एकवार पाहावें, अशी आमची सूचना आहे. रत्नागिरीच्या या डोंगरउतारांस सरकारी दप्तरांत 'वरकस' म्हणत आले आहेत. आज तेथें आंब्याकाजूच्या बागा, नाहींतर करवंदीचें रान आढळतें. पूर्वीं अशा जमिनींत राब भाजून नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरी, पुढें हरीक किंवा तीळ, आणि मग कांहीं वर्षें पड, असा फेरा चाले. खलाटींतील भाताचा मोठा वाटा खोताकडे जाई. कुळाचें पोट वरकसावर भरे.

हा फेरा कोणीं बुद्ध्या मोडला नाहीं. महायुद्धाच्या टंचाईंत, 1943 सालीं, मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, तेव्हां असेल तें धान्य सर्वांस सारखें मिळावें एवढाच हेतु होता. 1965 सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाल्यावर व्यवस्थेचें रूप पालटलें. शेतकऱ्यास हमीचा भाव द्यावयाचा, गरिबास स्वस्तांत विकावयाचें, आणि मधली तूट सरकारनें सोसावयाची. खरेदी साहजिकच तेथें होऊं लागली, जेथें धान्य वाघिणी भरभरून मिळे, म्हणजे मुख्यतः पंजाब-हरियाणांत. कोंकणांतल्या एखाद्या घरची चार मण नाचणी विकत घेण्यास कोण येणार? ज्या पैशानें पंजाबच्या गव्हाला आधार मिळाला, त्याच पैशानें कोंकणच्या नाचणीची किंमत उतरली.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तांदूळ 3, गहूं 2 व भरड धान्य 1 रुपया किलो ठरविलें. सामान्य लाभार्थ्यास माणशीं महिना 5 किलो. कागदावर भरड धान्य सर्वांत स्वस्त. दुकानांत मात्र प्रामुख्यानें तांदूळ आणि गहूंच. जानेवारी 2023 पासून तेंही मोफत झालें. भर पावसांत चिखलांत वांकून नाचणी लावावी, कापावी, झोडावी, आणि तिची बरोबरी व्हावी फुकटच्या तांदळाशीं! शेतकऱ्यानें हिशेब बरोबरच केला, असें आम्हांस वाटतें.

सर्व दोष स्वस्त धान्यावर लादणें मात्र अन्यायाचें होईल. तरुण माणसें मुंबईस गेलीं, डुकरांनीं व वानरांनीं पिकें नकोशीं केलीं, आणि 1990 पासून रोजगार हमींतून फळझाडांस अनुदान मिळूं लागलें. शिवाय आषाढांत ज्या घरीं चूल पेटण्याची पंचाईत असे, तेथें या तांदळानें दिलेला धीर आम्ही विसरूं इच्छीत नाहीं. वरकसाच्या आठवणींनीं गहिंवरणारे पुष्कळसे शहरांत राहतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

परंतु ताटांतून काय गेलें, तें मोजलेंच पाहिजे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम चुना असतो. सडलेल्या तांदळांत त्याचा अगदीं अल्प अंश. 2023 हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून जगभर साजरें झालें. शहरांतील दुकानांत नाचणीचीं बिस्किटें आकर्षक वेष्टनांत आलीं. जिनें ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, त्या घरची सून आतां ती विकत आणते.

बियाण्याची गोष्ट त्याहून बिकट आहे. दर घर आपल्या कणगींतलें बीं राखी. ओळीनें कांहीं पावसाळे पेर चुकली कीं तें रुजत नाहीं, आणि शेजाऱ्याकडे मागावें तर त्याचीही कणगी रिकामी. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें सुधारलेलीं वाणें काढलीं आहेत. ज्यास पुन्हां पेरावयाची आहे, तो आतां तेथलें बीं आणतो.