मानमोडीचा हिशेब

माझ्या आजीला इसवी सन ठाऊक नव्हते. तिची वर्षे घटनांवरून मोजली जात आणि त्यांतले पहिले म्हणजे 'मानमोडीचे साल'. त्या साली परळच्या चाळीत तिची धाकटी बहीण दोन-तीन दिवसांच्या तापाने गेली. आजी म्हणायची, "रोगाला डोळे नसतात, बाळा. समोर येईल त्याला तो नेतो." विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आणि खरे मानले.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरला. जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले. ती लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता आणि धान्य महागले होते.

साथ ओसरल्यावर झालेली मोजदाद आजही वाचायला मिळते. मुंबईत या आजाराने दर हजारी दगावलेले असे : युरोपीय ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, 'इतर हिंदू' १८.९ आणि 'खालच्या जातींचे हिंदू' ६१.६. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रकान्यात सातपटींहून अधिक अंतर. आजीची बहीण त्या शेवटच्या रकान्यातली.

विषाणू काही जात विचारत नव्हता. उपचार म्हणून सांगितले जाई ते एवढेच : अंथरुणावर पडून राहा, मोकळी हवा घ्या, सकस खा. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असतील तर मोकळी हवा कोठून आणायची? रोजंदारी बुडवून पडून राहायचे कसे? आणि शुश्रूषा करणारी बाईच तापली, तर पाणी कोण देणार? जातीने माणसाचे काम ठरवले, कामाने मजुरी, मजुरीने खोली. पुढचे तापाने केले.

हा दुवा १९२१ च्या बालमृत्यूच्या आकड्यांत स्पष्ट दिसतो. एका खोलीतल्या कुटुंबांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बालके दगावली. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, तिथले जन्म मुंबईच्या वहीत येत नसत, म्हणून पहिला आकडा फुगलेला आहे. ती सूट दिली, तरी अंतर नाहीसे होत नाही.

१९१८ साली विक्रोळी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. आज ती शहराच्या पोटात आहे. पूर्वेला गोदरेजची झाडीतली वसाहत आणि आमच्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारती. पश्चिमेला पार्कसाइटच्या डोंगरउतारावर एकावर एक चढलेल्या चाळी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, इतर वस्त्यांत १६ टक्के. दाटी आणि सामायिक शौचालये ही त्यामागची संभाव्य कारणे सांगितली गेली. १९१८ चा आकडा मृत्यूंचा, हा संसर्गाचा. दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत. रकाने मात्र ओळखीचे वाटतात. आता त्यांच्यावर जातीऐवजी वस्तीचे नाव आहे, एवढेच.

पुढच्याच वर्षी, १८ जुलै २०२१ च्या पहाटे, विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड कोसळली आणि झोपेतली माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तिथे तर विषाणूही नव्हता. घर कोठे बांधायची ऐपत होती, एवढ्यावर सगळे ठरले.

आजी असती तर हे आकडे मी तिला वाचून दाखवले असते. रोगाला डोळे नसतात, हे तिचे म्हणणे खरेच आहे. त्याला आमच्या दारापर्यंत आणणारी वाट मात्र डोळस माणसांनी बांधलेली होती. बहिणीच्या मृत्यूला आजी जन्मभर नशीब म्हणत राहिली. त्याला दुसरा शब्द आहे, हे तिला कोणी सांगितलेच नाही.