मटणाचा वाटा : गावगाड्यातील एक जुना व्यवहार

परदेशात गेल्या काही दशकांत एक पद्धत रूढ झाली आहे. शहरातील कुटुंबे आगाऊ वर्गणी भरतात आणि ओळखीच्या शेतकऱ्याने चराईवर वाढविलेल्या जनावराचे मांस ठरल्या वेळी थेट त्याच्याकडून घेतात. टोकियोतील गृहिणींनी १९६५ साली एकत्र दूध विकत घेण्यास आरंभ केला. त्यातून ‘सेइकात्सु क्लब’ ही सहकारी चळवळ उभी राहिली व पुढे डुकराचे मांसही त्याच रीतीने येऊ लागले. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर येथील दोन शेतांनी भाजीपाल्याची अशीच वर्गणी सुरू केली. आपल्याला याचे नवल वाटते. परंतु खानदेशच्या गावगाड्याकडे नीट पाहिल्यास या व्यवहाराची अंगे येथे पूर्वीपासून होती असे दिसून येईल.

पहिले अंग वाट्याचे. लहान गावात मटण रोज मिळत नसे. आखाडात किंवा नवसाच्या निमित्ताने दहाबारा घरे मिळून एक बोकड ठरवीत. तो कोणाच्या दावणीचा, काय खाऊन वाढला, हे सर्वांना ठाऊक असे. चोवीस किलोच्या बोकडाचे सुमारे अकराबारा किलो मटण निघते; म्हणजे घरटी किलोभर. काळीज, मुंडी, पाय यांसह सगळ्या जनावराचे वाटे पडत. काही वाया जात नसे आणि पाळणाऱ्याला सबंध बोकडाचे मोल मिळे.

दुसरे अंग वर्षाच्या बांधिलकीचे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बलुतेदारांमध्ये मुलाण्याची गणना केली आहे. शेळ्यामेंढ्या कापणे हे त्याच्या कामांपैकी एक. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथातही बलुत्याची सविस्तर हकीगत आहे. काम वर्षभर आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने, असा हा करार होता. साक्रीकडील ठेलारी आपली मेंढरे शेतात बसवीत, तेव्हा शेताला लेंडीखत मिळे आणि मेंढपाळाला धान्य. जनावर, जमीन आणि माणूस यांचा हिशेब असा एकत्र होता.

ही घडी विस्कटली ती रोकड्या बाजारामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास खानदेशात आगगाडी आली. कापसाखालची जमीन वाढू लागली, तशी चराईची रानेही आखडू लागली. जनावर दूरच्या गिऱ्हाइकासाठी विकले जाऊ लागले. बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवी. पाळणारा आणि खाणारा एकमेकांना अनोळखी झाले.

पण जुन्या घडीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. बलुत्याची बांधिलकी राजीखुशीची नव्हती. ती जन्माने गळ्यात पडे. गावाने ताजे मटण वाटून घ्यावे आणि मेलेले ढोर ओढून त्याचे मांस महारवाड्याने खावे, हाही त्याच गावगाड्याचा वाटा होता! डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

तेव्हा आज कोणी पाचोऱ्यात वर्गणीचा असा प्रयत्न करील, तर त्याने जुन्यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हे इतिहासच सांगतो. शेळी पाच महिने गाभण राहते आणि करडाला वाढण्यास वर्षभर लागते. एवढा काळ दादरचा कडबा, तुरीचे भुसकट आणि बाभळीच्या शेंगा पुरविणाऱ्याच्या हाती आगाऊ रक्कम असली, तर अडचणीच्या दिवशी मिळेल त्या भावाने जनावर विकण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. वर्गणीदारानेही केवळ मांडीचा तुकडा न मागता सबंध जनावराचा वाटा पत्करला पाहिजे. दुष्काळात वाटा लहान पडला, तर तोही गोड मानून घेतला पाहिजे.

आणि करार दोघांच्या खुशीचा असावा. वर्ष सरल्यावर कोणालाही तो मोडता यावा. ओळख राहावी, पण ती जातीची बेडी होऊ नये. जुन्या वाट्याला एवढी एक जोड दिली, तर तो आजच्या नागरिकालाही शोभेल.